अठरा पूर्ण झाल्यावर त्याने जायचे कुठे?

प्रश्न : मी काही वर्षांपासून एका बालगृहात मुलांना गणित शिकवते. तिथला एक अनाथ मुलगा दोन महिन्यांनी अठरा वर्षांचा होईल आणि त्याला संस्था सोडावी लागेल. त्याला घरी आणावे असे मला वाटते, पण यजमान आणि सासूबाई तयार नाहीत. मी काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांचे म्हणणे आले आहे, फक्त त्या मुलाचे आलेले नाही. कधी उठायचे आणि कधी जेवायचे हेसुद्धा ज्याला स्वतः ठरवता आले नाही, त्याच्या आयुष्याचा आणखी एक निर्णय त्याला न विचारता घेऊ नये. शिवाय घरातल्या दोन माणसांची नाराजी त्याला रोज जाणवणार असेल, तर त्याला नेऊन सहा महिन्यांत परत पाठवण्यापेक्षा न नेलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अठरा पूर्ण झाले म्हणजे तो रस्त्यावर येतो, असे मात्र समजू नका. बाल न्याय अधिनियम, 2015 आणि त्याखालच्या नियमांनुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवाद म्हणून आणखी दोन वर्षे, अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या मदतीचा, आधार देता येतो. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्र सरकारच्या योजनेमध्ये त्यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. मागे लागल्याशिवाय यातले काही हाती पडत नाही, म्हणून अधीक्षकांना भेटून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे त्याचा प्रस्ताव वाढदिवसाच्या आधीच जाईल असे पाहा. अनाथ प्रमाणपत्राचेही आत्ताच विचारा, कारण 2018 पासून महाराष्ट्रात शिक्षणात आणि शासकीय नोकरीत अनाथांना मिळणारे 1 टक्का आरक्षण त्याच कागदावर अवलंबून आहे.

त्याच्या आधारला कोणाचा मोबाईल क्रमांक जोडलेला आहे, तेही तपासा. तो संस्थेतल्या एखाद्या कर्मचाऱ्याचा असेल आणि त्या कर्मचाऱ्याची बदली झाली, तर बँकेत किंवा प्रवेशाच्या अर्जावर ओटीपीपाशीच या मुलाचे काम अडून बसेल. संस्थेमार्फत उघडलेले बँक खाते त्याला एकट्याला चालवता येईल, असेही करून घ्या.

तुमच्याकडून त्याला मिळावे ते वेगळेच आहे : खोली भाड्याने घेताना घरमालकाशी बोलणारे, पहिला पगार मित्रांना उसना देऊन बसला तरी तोंडसुख न घेणारे आणि रात्री ताप चढला तर फोन उचलणारे माणूस. रविवारच्या जेवणाला त्याला बोलवा. एवढ्याला सासूबाईंचा विरोध बहुधा होणार नाही. पण बोलवायचे ठरवलेत तर तो कामाला लागल्यावरही, त्याने मधले चार रविवार चुकवले तरीही, बोलवत राहा.