शब्बाथचं ‘गरम’ : तापवलेलं, शिजवलेलं की ऊन ठेवलेलं?

प्रश्न असा आहे : “ज्यू चालीरीतींवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करते आहे. त्यात एके ठिकाणी ‘शब्बाथला अन्न गरम करणं निषिद्ध’ असं आहे आणि दोनच परिच्छेदांनंतर ‘शब्बाथला गरम अन्न खाणं पुण्याचं’. संपादक म्हणतात, यातलं एक वाक्य चुकलंय. कोणतं? आणि ‘हमीन’ नावाच्या पदार्थाला ‘खिचडी’ म्हटलं तर चालेल का?”

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. घोळ घातला आहे तो ‘गरम’ने. हा शब्द फारसीतून आला आणि सगळ्या भांड्यांत शिरून बसला. त्याच्या आधी आपलं स्वयंपाकघर नेमकं बोलायचं, अजूनही बोलतं. दूध तापवतात, तूप कढवतात, वरणाला उकळी आणतात, निवलेली भाजी ऊन करतात, भाकरी शेकतात आणि कोणी उशिरा येणार असेल तर त्याच्यासाठी भात ऊन ठेवतात. यातल्या ‘करणे’ आणि ‘ठेवणे’मधलं अंतर एरवी कोणी मोजत नाही. ज्यू धर्मशास्त्र मात्र जवळजवळ दोन हजार वर्षं नेमकं तेच मोजत आलं आहे.

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. ज्यू धर्मग्रंथातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात या दिवशी घरात विस्तव पेटवायला मनाई आहे. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, क्रियापदावर बोट ठेवलं. पेटवायचा नाही, पण आधीच पेटलेला आपला आपण धुमसत राहिला तर? त्यांच्या मते चालेल. फक्त मूळ धर्मग्रंथ मानणाऱ्या कराई या ज्यू पंथाला हे पटलं नाही. विस्तव नको म्हणजे नकोच, असं म्हणून त्यांच्यातले कितीतरी लोक शब्बाथची रात्र अंधारात काढत आणि थंड अन्न खात. त्यामुळे रब्बींच्या अनुयायांसाठी शनिवारी दुपारी ताटात वाफाळतं अन्न असणं ही नुसती चैन राहिली नाही, तो एका वादातला पक्ष झाला. बाराव्या शतकातल्या झेराह्या हलेव्ही यांनी तर असं लिहून ठेवलं की जो शब्बाथला ऊन अन्न खात नाही, तो पाखंडी नाही ना, हे तपासून बघावं. सोळाव्या शतकात क्राकूवचे मोशे इस्सरलेस यांनी शब्बाथसाठी अन्न उबेला ठेवणं हे ‘मिट्स्वा’, म्हणजे धर्मकर्तव्य, ठरवलं. तुमच्या लेखातलं पुण्य बहुधा इथून आलं असावं.

निषेधाची बाजू मिश्नातून येते. इ. स. २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या या धर्मनियमांच्या संहितेत शब्बाथला वर्ज्य अशी ३९ कामं मोजली आहेत. गंमत म्हणजे यादीत ‘शिजवणे’ नाही, ‘भाजणे’ आहे, तेही भट्टीतली भाकरी भाजणे. पेरणी, नांगरणी, कापणी, दळण, मळणं या ओळीने ती यादी भाकरीपर्यंत येते. ही कामं निवासमंडप, म्हणजे निर्गमातला देवाचा तंबू, उभारण्याच्या कामावरून घेतली असं मानतात, आणि तिथे भाकऱ्या कोण भाजत होतं? तिथे शिजत होत्या रंगाच्या वनस्पती. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, हा प्रश्न निघतो आणि त्यातले एक पंडित राव पापा उत्तर देतात की संहिताकाराने भाकरीचा क्रम धरला, इतकंच. म्हणजे शब्बाथच्या स्वयंपाकबंदीचं मूळ रंगाऱ्याच्या कढईत आहे.

आता शब्दांकडे. ‘हमीन’चं मूळ हिब्रूतलं ‘हम’, म्हणजे ऊन. (यातला ‘ह’ घशातून खरवडून काढायचा, आपल्या ‘ह’ आणि ‘ख’च्या अधला.) त्याच धातूपासून ‘हम्मा’, म्हणजे सूर्य. आणि इस्राएलमधल्या तिबेरिया गावाजवळचे गरम पाण्याचे झरे ते ‘हम्मेई तिबेरिया’. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. कारण आपलं ‘ऊन’ अगदी हेच करतं. संस्कृत ‘उष्ण’पासून आलेला हा एकच शब्द, ‘ऊन ऊन भात’मध्ये ताटात असतो आणि ‘ऊन पडलंय’मध्ये अंगणात. आणि कोकणात जमिनीतून कढत पाणी येतं त्या जागांची नावं काय? पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, तरी ताट, आकाश आणि झरा या तिन्ही ठिकाणी दोघींनी एकेकच शब्द वापरला.

हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण कायद्याची सगळी चर्चा याच तिन्हींवरून होते. उन्हात ठेवून ऊन करायला शब्बाथला परवानगी आहे. प्रत्यक्ष सूर्यावर शिजवण्याबद्दल तालमूदमध्ये कोणाचाच आक्षेप नाही, कारण तालमूदचे मध्ययुगीन भाष्यकार रशी यांच्या शब्दांत सांगायचं तर शिजवण्याची ती रीतच नव्हे. पण उन्हाने तापलेल्या वस्तूवर? तापलेल्या फडक्यात अंडं फोडावं का, यावर मिश्नात मतभेद आहे. बाकीचे नको म्हणतात, रब्बी योसे हो म्हणतात. तिबेरियाच्या लोकांनी तर थंड पाण्याची नळी त्या गरम झऱ्यातून नेली, म्हणजे पाणी आपोआप तापेल आणि आपण काही केलं असं होणार नाही. पंडितांनी ते पाणी शब्बाथला तापवलेल्या पाण्यासारखंच धरलं, धुवायला नको नि प्यायला नको. झऱ्याची उष्णता सूर्याची की अग्नीची हाही वाद झाला. रब्बी योसेंचं म्हणणं अग्नीची, कारण ते पाणी नरकाच्या दारावरून वाहत येतं.

तुमच्या भाषांतरात खरी अडचण येईल ती तीन हिब्रू शब्दांची : शेहिया, हझारा आणि हत्माना. तिन्ही जड पारिभाषिक शब्द वाटतात, पण आहेत चुलीजवळचे.

‘शेहिया’ म्हणजे राहू देणे. शुक्रवारी ठेवलेलं भांडं शब्बाथ सुरू झाला तरी चुलीवर असू द्यायचं. यात भीती एवढीच की माणूस न राहवून निखारे उसकवेल. म्हणून मिश्ना सांगते, निखारे काढून टाका किंवा वर राख ओढा. आजच्या घरांत राखेची जागा पत्र्याने घेतली. गॅसच्या शेगडीवर धातूचा पत्रा टाकतात आणि त्याला यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या जर्मनवळणी भाषेत, ‘ब्लेख’ म्हणतात. ब्लेखचा जर्मन अर्थ शब्दशः पत्रा. तिथे मराठीत ‘उष्णतारोधक आवरण’ वगैरे काही घडवू नका. इस्राएलमध्ये विजेची ‘प्लाटा’ जास्त चालते, तिला बटणंच नसतात, म्हणजे उसकवायला काही उरत नाही. अन्न आधीच पुरेसं शिजलेलं असेल तर राखेची अट सैल होते. पुरेसं म्हणजे किती, याचं माप आहे ‘बेन द्रोसाईचं जेवण’. हा बेन द्रोसाई दरोडेखोर होता. पकडले जाऊ या धास्तीने अन्न एकतृतीयांश शिजलं की हाणायचा. हे रशींचं माप. बाराव्या शतकातले धर्मशास्त्रकार मैमोनिदी यांच्या हिशेबाने निम्मं. आपल्याकडे ‘बोटचेपा’ म्हणतात तिथवरही भात गेलेला नसावा.

‘हझारा’ म्हणजे परत ठेवणे. भांडं उतरवून वाढून घेतलं, ते पुन्हा चुलीवर ठेवायचं का? मिश्नातल्या दोन प्रतिस्पर्धी पंडित-घराण्यांपैकी शम्माईंचं म्हणतं, काढा पण परत ठेवू नका. हिल्लेलचं घराणं म्हणतं, ठेवा. पुढे अटी आल्या : अन्न पूर्ण शिजलेलं हवं, अजून ऊन हवं, भांडं हातात हवं आणि परत ठेवायचं हे मनात हवं. इथे एक सापळा आहे. ‘हझारा’ला ‘परतणे’ लिहून मोकळे होऊ नका. आपल्या स्वयंपाकघरात परतणे म्हणजे कढईत उलथनं फिरवणं, आणि चुलीवरच्या अर्धवट शिजलेल्या अन्नात उलथनं फिरवणं हे शब्बाथच्या कायद्यात साक्षात शिजवणं आहे. जे चालतं त्याला जे मुळीच चालत नाही त्याचं नाव पडेल. ‘परत चढवणे’ म्हणा.

‘हत्माना’ माझा आवडता. धातूचा अर्थ पुरणे, दडवणे. भांडं सर्व बाजूंनी कशात तरी गुंडाळून त्याची ऊब धरून ठेवायची. इथे आपल्याकडे ‘ऊब’ हा शब्द तयार आहे, कारण नियमच ऊब धरणारं आणि ऊब वाढवणारं यांत फरक करतो. कपडे, धान्य, कबुतराची पिसं, सुताराचा भुसा हे ऊब धरतात. त्यांत शुक्रवारी दिवे लागायच्या आत पुरायला हरकत नाही, शब्बाथ लागल्यावर मात्र नाही. खत, चुना, मीठ, वाळू, ओलं गवत यांना स्वतःची धग असते. त्यांत शुक्रवारीसुद्धा पुरायचं नाही. आंब्याची आढी घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, पेंढ्यात हात घातला की कळतं.

या वर्ज्य यादीत पहिलं नाव आहे ‘गेफेत’. शब्दकोश त्याला ‘तेल काढल्यावर उरलेला चोथा’ म्हणतात. मराठीत सरळ शब्द आहे, पेंड. तालमूदमध्ये त्यावर प्रश्नही घाणेवाल्याला शोभेल असा येतो : ही पेंड ऑलिव्हची म्हणायची की तिळाची? पुरून ठेवायला दोन्ही नकोत असं उत्तर मिळतं, पण पुढे जाऊन ऑलिव्हची पेंड वाफ वर सोडते, तिळाची सोडत नाही, हाही बारकावा नोंदवला आहे. आता हे आठवा की कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांत बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ नाव दिलं. सोमवारी बैल सोडणारे ते सोमवार तेली. शब्बाथवरचं जुन्यातलं जुनं मराठी भाष्य बहुधा हे दोन शब्दच असतील, आणि ते शेजाऱ्यांनी केलेलं आहे.

आता ‘गरम करणे निषिद्ध’ या वाक्याकडे. नियम आहे : शिजलेल्याला पुन्हा शिजणं नाही. म्हणजे एकदा पूर्ण शिजलेली वस्तू परत तापली तर ते ‘शिजवणं’ ठरत नाही. पण हे सुक्याला लागू. पातळ पदार्थ निवला की, शुल्हान आरूख या सोळाव्या शतकातल्या नियमसंग्रहाप्रमाणे, तो पुन्हा शिजतो असं धरतात. इस्सरलेस थोडी ढील देतात, अगदी गार झाला नसेल तर हरकत नाही. येमेनी ज्यू मैमोनिदींच्या मागे जाऊन पातळालाही सुक्याचाच नियम लावतात. भाषांतरात ‘घन’ आणि ‘द्रव’ लिहू नका, प्रयोगशाळेत गेल्यासारखं वाटतं. ‘सुकं’ आणि ‘रस्सा’ लिहा. मग ‘अंगाबरोबर रस’ असलेल्या भाजीचं काय, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येईल, आणि रब्बीही नेमके त्यावरच भांडले आहेत. सुकं असलं तरी थेट आचेवर ठेवायचं नाही, नव्याने रांधल्यासारखं दिसतं म्हणून. चुलीवरच्या दुसऱ्या भांड्याच्या झाकणावर ठेवता येतं. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, परंपरेतले रब्बी ओव्हाडिया योसेफ यांनी सुकं अन्न प्लाटावर ठेवायला मुभा दिली. अश्कनाझींतले, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपाकडच्या ज्यूंतले, पुष्कळजण ती मानत नाहीत.

आणि किती ऊन झालं म्हणजे ‘शिजलं’? माप हाताचं आहे : ‘याद सोलेदेत’, हात चटकन मागे येईल इतकं. एका शब्दात सांगायचं तर चटका. कोमट चालेल, कढत नाही. आज घरोघरी सोयीसाठी ४५ अंश सेल्सिअस धरतात.

राहिली खिचडी. नको. हमीनमध्ये कुठे कडधान्य नि मांस असतं, कुठे गहू, कुठे अंडी. नाव पदार्थाचं नाही, रात्रभर उबेला राहण्याचं आहे. मोरोक्कोत त्याला ‘दफिना’ म्हणतात, अरबीत ‘पुरलेलं’. पूर्व युरोपातलं ‘चोलेंत’ जुन्या फ्रेंचमधल्या तापण्याच्या शब्दावरून आलं असावं. बगदादी ज्यूंचा ‘त्बीत’ म्हणजे तांदूळ भरून रात्रभर ठेवलेली कोंबडी. पुण्याचं लाल देऊळ आणि भायखळ्याचं मागेन डेव्हिड बांधणारे डेव्हिड ससून याच समाजातले. ‘त्बीत’चं मूळ अरबीतल्या ‘रात्र काढणे’ या धातूत आहे, आणि त्याच धातूचं ‘बायत’ म्हणजे शिळं. संस्कृतचं ‘पर्युषित’ही तसंच, वस्तीला राहिलेलं. मराठीने मात्र रात्र मोजली नाही, हात लावून पाहिला. आपलं ‘शिळं’ येतं ‘शीतल’पासून. तेव्हा आपल्या भाषेच्या हिशेबाने हमीन कालचं असतं, शिळं नसतं. नाव ‘हमीन’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘रात्रभर उबेला ठेवलेलं कालवण’ एवढं जोडा.

तुमची दोन वाक्यं मी अशी लिहीन : “शब्बाथ लागल्यावर अन्न शिजवू नये, निवलेला रस्सा तापवू नये. मात्र आदल्या दिवशी शिजवून ऊन ठेवलेलं अन्न शब्बाथला खाणं हे धर्मकर्तव्य मानतात.”