रोपं नंतर, आधी मे महिन्याचं पाणी ठरवा

मॅडम, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या तुमच्या शाळेचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. पहिली ते आठवीचे वर्ग, एकराहून मोठा मुरमाड माळ, दरवर्षी जुलैत वृक्षारोपण आणि पुढच्या जूनपर्यंत नुसत्या काड्या. त्यात ग्रामपंचायत म्हणतेय, पेव्हिंग ब्लॉक टाकून देतो. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत: शाळेचं आवार हिरवं कसं करायचं, आणि हे काम केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या), तालुक्यातल्या इतर शाळांपर्यंत कसं न्यायचं. मी बरीच वर्षं या जिल्ह्यातल्या शाळांच्या आवारांत हेच काम करतोय, त्यावरून लिहितो.

आधी ब्लॉकचं बोलू, कारण तो निर्णय एकदा झाला की परत फिरवता येत नाही. गावकऱ्यांना ब्लॉक म्हणजे विकास वाटतो, फोटोत चांगला दिसतो, चिखल होत नाही. त्यांचंही खोटं नाही. पण उन्हात तापलेल्या ब्लॉकवर अनवाणी पोरं किती वेळ खेळणार? पॅरिस महापालिकेनं 2017 च्या सुमारास ‘ओअॅसिस’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. तिथं शाळांची डांबरी अंगणं फोडतात, त्या जागी माती, झाडं आणि पाणी मुरेल अशी जमीन करतात, आणि ही अंगणं वस्तीतल्या लोकांनाही वापरायला मिळावीत असा प्रयत्न असतो. कारण उष्णतेच्या लाटा. पॅरिसचा आजवरचा उच्चांक 42.6 अंश आहे, 2019 च्या जुलैतला. सोलापुरात हा आकडा एप्रिल-मेमध्ये बातमीसुद्धा होत नाही. ज्यांच्याकडे असं ऊन कधीतरी पडतं ते डांबर उखडतायत, आणि आपण दरवर्षी भाजून निघतो तरी माती झाकायला निघालोय. ग्रामसभेत हे सांगून बघा. तडजोडच करायची झाली तर फाटकापासून व्हरांड्यापर्यंत एक पायवाट ब्लॉकची करा, बाकी माळ मातीचाच राहू द्या.

आता पाणी. आपल्या भागात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. शंभर चौरस मीटर छपरावर एवढा पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला असं धरलं तरी 44,000 लिटर पाणी खाली येतं. ऐकायला भारी वाटतं, पण ते पावसाळ्यात येतं, आणि मेपर्यंत साठवायचं तर टाकीवरच सगळा पैसा जाईल. म्हणून छपराचं पाणी पन्हाळीनं सरळ झाडांच्या रांगेशेजारच्या चरात सोडा. जमिनीत जेवढा ओलावा राहील तेवढी पुढची पाणीपाळी लांबते.

दुसरं पाणी हात धुण्याचं. दीडशे मुलं आणि प्रत्येकी दोन लिटर धरले तरी रोजचे तीनशे लिटर होतात. त्यावर केळी, कर्दळ, अळू आणि परसबागेचा एखादा वाफा निघतो. फक्त हे पाणी सुट्टी लागली की बंद होतं, म्हणजे नेमकं जेव्हा गरज असते तेव्हा. बहुतेक शाळांची झाडं वाळतात ती मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या सहा आठवड्यांत. शिक्षक गावी, मुलं मामाकडे, नळाला पाणी नाही.

म्हणून हिशेब उलट्या बाजूनं करा. एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर धरा. तीस रोपांना आठवड्याला 600, सहा आठवड्यांना 3,600 लिटर. एका छोट्या टँकरमध्ये हे बसतं, शेजारचा बोअरवाला शेतकरीसुद्धा एवढं पाणी देईल. तीनशे रोपं लावलीत तर तेच 36,000 लिटर होतं, आणि ते कोणी देणार नाही. वरून उद्दिष्ट येतं तेव्हा आकडा मोठा असतो, हे मला माहीत आहे. जादाची रोपं मुलांच्या घरी, शेताच्या बांधावर द्या, तिथं पाणी घालायला माणूस असतो.

सुट्टीतल्या पाण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, नावानिशी, ठरावात लिहून घ्या. शाळेला लागून घर असलेले पालक किंवा खिचडी शिजवणाऱ्या मावशी, यांच्याइतका भरवशाचा माणूस नाही. मावशींना हे काम फुकटात सांगू नका, लोकवर्गणीतून काहीतरी द्या.

लागवडीचं सांगतो. मुरमात दोन-दोन फुटांचे खड्डे एप्रिलमध्येच काढून तापू द्या. भरताना गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत. जूनच्या पहिल्या सरीवर घाई नको, आपल्याकडे जुलैत हमखास उघडीप पडते. माझं मत विचाराल तर 15 ऑगस्टच्या आसपास लावा, सप्टेंबरचा पाऊस आपला खरा पाऊस. रोप फुटभर उंचीचं नको, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून चार-पाच फुटांचं मागा. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. आपल्या जिल्ह्यात पाचट जाळतात, मागितलं तर शेतकरी ट्रॉलीनं आणून टाकतो. फक्त बुंध्याला चिकटवू नका, वाळवी लागते.

सावलीसाठी कडुनिंब आणि करंज. दोघांनाही ऐन मेमध्ये पालवी असते आणि करंजाला शेळ्या फारशा तोंड लावत नाहीत. सीताफळही शेळ्या सोडून देतात, त्यामुळे कुंपणाच्या कडेला तेच बरं. चिंच, शिरीष, आपटा, बहावा थोडे-थोडे. वड-पिंपळ लावायचे तर इमारतीपासून पुष्कळ लांब. गुलमोहराचा मोह होतो, पण वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात, आणि खाली पोरं असतात.

सगळा माळ झाडांनी भरायलाच हवा असंही नाही. आपल्या जिल्ह्यातलं नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 पासून आहे आणि ते गवताळ माळरान आहे. आपल्या भागाचा मूळ निसर्ग तो. शाळेचा एक कोपरा शेडा, मारवेल, कुसळी या गवतांसाठी राखा, तिथं चराई बंद करा आणि मुलांना फुलपाखरं, चंडोल, टिटवी यांच्या नोंदी ठेवू द्या. पाण्याचा खर्च शून्य. खेळाचं मैदान मात्र मोकळंच हवं, कबड्डी-खो-खोच्या जागेत झाड लावलं तर मुलंच ते मोडतील, आणि बरोबर करतील.

पैशाचं थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे विद्यार्थिसंख्येवर ठरतं: 101 ते 250 पट असेल तर 50,000 रुपये, त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेच्या कामांसाठी. हात धुण्याच्या पाण्याचा निचरा त्यात बसतो. वित्त आयोगाचा बंधित निधी ग्रामपंचायतीकडे पाणी आणि स्वच्छतेसाठीच येतो, पावसाचं पाणी साठवणं-मुरवणं त्यात चालतं. सरपंच ब्लॉकचं म्हणाले की ही फाइल पुढे करा. आणि हे सगळं शाळा विकास आराखड्यात लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार तो आराखडा व्यवस्थापन समिती करते आणि अनुदानासाठी तोच आधार असतो. शिवाय उद्या तुमची बदली झाली तरी आराखडा शाळेत राहतो. हे फार महत्त्वाचं, कारण उत्साही शिक्षकाची बदली झाली की मागे बाग उरत नाही, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’सारख्या सरकारी अभियानात शाळेला गुण मिळतात ते मिळवा. पण पहिला टप्पा 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत होता, आणि ते काही लागवडीचे दिवस नव्हेत. तपासणीच्या आदल्या दिवशी कुंड्या मांडण्यापेक्षा ऑगस्टमध्ये लावलेलं दाखवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तालुका हा आकडा विसरा, केंद्र धरा. पहिल्या वर्षी तीन शाळा पुरे, ज्यांच्या मुख्याध्यापकांना स्वतःहून हौस आहे अशा. केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, आळीपाळीनं त्याच शाळांत घ्या, म्हणजे इतर शिक्षक झाड बघतील, परिपत्रक नव्हे. एका शाळेत केंद्राची रोपवाटिका करा. शाळा उघडते तेव्हा लिंबोळ्या पडलेल्या असतात, पोरं पिशव्या भरून आणतात. फक्त लिंबोळीची उगवण लवकर जाते, दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरा. आणि सगळ्या शाळांत एकच वही सारखी: पर्जन्यमापकावरचा पाऊस, तसंच दुपारी एकला झाडाखालचं आणि उघड्या जागेवरचं तापमान. सातवी-आठवीची मुलं हे उत्तम करतात. सरासरी, आलेख, दशांश सगळं त्यात येतं, वेगळा तास लागत नाही. पुढच्या वर्षी ग्रामसभेत भाषण करण्याऐवजी मुलांना तो आलेख घेऊन उभं करा.

एक राहिलं. कुंपणाला चंद्रज्योत म्हणजे मोगली एरंड किंवा पिवळी कण्हेर असेल तर लागवडीच्या आधी ती मुळासकट काढा. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, पोरं खातात आणि वर्गच्या वर्ग दवाखान्यात जातो. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या (बिया) त्याहून वाईट. नवीन झाडं नाही जमली तरी हे या आठवड्यातच करा.