थायरॉईडची गोळी चालू आहे, तरी वजन हलत नाही

प्रश्न: मला हायपोथायरॉईड आहे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, रोज गोळी घेते, सकाळी चहाबरोबरच. रात्रीचं जेवण सोडलंय, कोबी-फ्लॉवर बंद केलंय, तरी काटा जागचा हलत नाही. डोस वाढवून घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, आधी गोळी आणि चहा वेगळे करा. उठल्या उठल्या रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा आयर्नची गोळी चालू असेल तर ती 4 तासांनी, नाहीतर औषध अंगी लागतच नाही पुरतं. असं 6 ते 8 आठवडे केलं की टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, परत करा, डोस काय तो डॉक्टर त्यावरूनच ठरवतील. वजन उतरावं म्हणून डोस वाढवायचा नाही म्हणजे नाही, छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात.

आणि खरं सांगू का, नुसत्या थायरॉईडने वाढलेलं वजन बहुतेक वेळा 2 ते 5 किलोच असतं, त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. बाकीच्यासाठी ताटच बघावं लागतं. रात्री उपाशी राहिलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फरसाणाच्या डब्यात हात जातोच, त्यापेक्षा आठच्या आत एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची उसळ आणि पालेभाजी खा. शिजवलेला कोबी खुशाल खा हो! रोज भरभर चाला, महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी छान चाललंय असं समजा, आणि पाळी पुढेमागे होत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.