हातपाय चालतात, मग गाडी का नको?

डोक्याला मार लागून बऱ्या झालेल्या माणसांच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. म्हणून एका पेशंटची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नारायणगावहून माळशेजमार्गे वाशी मार्केटला टोमॅटोची पिकअप नेणारे हे दादा, वय ४४. मोटरसायकलवरून पडून मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. पाच महिन्यांनी चालणं-बोलणं ठीक, क्रेटचा हिशेब तोंडपाठ. "लायसन्स आहे, हातपाय चालतात. मॅडम, तुम्हीच घरच्यांना समजवा." ते बाहेर पाणी प्यायला गेले तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "ताटात डावीकडची चटणी तशीच राहते. आणि चटणी वाढली नाही म्हणून चिडतात."

मी त्यांना चांदण्यांनी भरलेला कागद दिला. सगळ्या लहान चांदण्या खोडायच्या. "झालं," म्हणत त्यांनी पेन्सिल ठेवली. उजवा अर्धा भाग चोख, डावीकडे एकही रेघ नाही. मी काही न बोलता कागद उलटा फिरवला. राहिलेल्या चांदण्या आता उजवीकडे आल्या. दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "ह्या आधी नव्हत्या," म्हणाले.

त्यांचे डोळे शाबूत होते. मेंदूचं लक्षच डावीकडे जात नव्हतं, आणि जात नाही हेही त्याच मेंदूला कळत नव्हतं. म्हणूनच "मला बरं वाटतंय" हा गाडी चालवण्याचा पुरावा मी मानत नाही. आपल्याकडे दुचाक्या डावीकडून घुसतात, रस्त्याकडेची माणसं डावीकडेच असतात.

बाकीच्या तपासण्याही लागतातच: दृष्टीचं क्षेत्र, फिट येते का, गोळ्यांनी झोप येते का. १-अ-२-आ अशी आलटून पालटून ठिपके जोडायची चाचणी त्यांना फार जड गेली. गर्दीत आरसा, ब्रेक, समोरचा ट्रक हे सगळं एकदम सांभाळणं तसंच असतं. कागदावर जमलं, तरी शेवटी ड्रायव्हिंग स्कूलच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीत बसून बघावं लागतं. आणि लायसन्सची मुदत शिल्लक असली तरी, शरीराने किंवा मनाने अक्षम असल्याचं माहीत असून गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे.

पण हप्ते थांबत नाहीत. घर त्या पिकअपवरच चालतं, त्यामुळे नुसतं "नको" म्हणून त्यांना परत पाठवणं मला पटेना. चुलतभाऊ गाडी चालवू लागला, दादा शेजारी बसून व्यापाऱ्यांशी भाव बोलू लागले. आणि एक काम नेमून दिलं: वाटेत डाव्या बाजूचा प्रत्येक किलोमीटरचा दगड मोठ्याने वाचायचा. सुटलेले चुलतभावाने वहीत टिपायचे.

पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त सुटले. तीन महिन्यांनी दादा वही घेऊन आले, त्या दिवशीचे सुटलेले दगड सात. चांदण्या जवळजवळ सगळ्या खोडल्या, ठिपके मात्र अजून अडले. किल्ली त्यांनी स्वतःच वहिनींच्या पर्समध्ये टाकली आणि पुढची तारीख मागितली.