विंडोजवर अडणारी लिनक्सची लायब्ररी

प्रश्न : मोठ्या लॉग फायली वाचणारी, सी भाषेतील एक मुक्तस्रोत लायब्ररी आम्ही काही जण मिळून सांभाळतो. लिनक्सवर ती बिनतक्रार चालते. ६४-बिट विंडोजवर मात्र फाईल २ जीबीच्या पुढे गेली की वाचनाचे स्थान चुकते. दर अडचणीला नवा ‘इफडेफ’ (प्रणालीनुसार कोडचा भाग निवडणारी अट) घालून कोड वाचवेनासा झाला आहे. काय करावे?

उत्तर : दोषाचे मूळ बहुधा ‘लाँग’ या पूर्णांकांच्या प्रकारात आहे. ६४-बिट लिनक्स आणि मॅकओएसवर तो ६४ बिटांचा असतो, पण ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचाच राहतो. आणि ‘एफटेल’ हे फंक्शन फाईलमधील स्थान ‘लाँग’मध्येच परत देत असल्यामुळे २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. जाहीर हेडरमधून (लायब्ररी वापरणाऱ्यांना दिलेल्या घोषणांच्या फाईलमधून) ‘लाँग’ काढून सी९९ या सी भाषेच्या मानकातील, सगळीकडे ६४ बिटांचाच असणारा ‘इंट६४_टी’ घ्या, आणि आतून लिनक्सवर ‘एफटेलो’, तर विंडोजवर ‘_एफटेलआय६४’ वापरा. स्थान बदलणाऱ्या ‘एफसीक’चेही तसेच करावे लागेल. या बदलामुळे विंडोजवरील जुन्या प्रोग्रामांना पुन्हा कंपाइल करावे लागणार असल्याने तो किरकोळ आवृत्तीत गुपचूप घालू नका. मुख्य आवृत्तीचा क्रमांक वाढवा.

‘इफडेफ’ पूर्ण टाळता येत नाहीत, पण ते विखुरलेले नसावेत. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसच्या पोटात असलेली ‘लिबयूव्ही’ ही लायब्ररी या दृष्टीने जरूर वाचा. तिच्यात युनिक्स आणि विंडोज यांचा कोड वेगळ्या फोल्डरांत आहे. त्याहून मोलाचा आहे तो वापरणाऱ्याशी असलेला तिचा करार : लिनक्सची ‘ईपोल’ ही यंत्रणा सॉकेट (नेटवर्क जोडणीचे टोक) वाचायला तयार झाल्याचे कळवते, विंडोजची ‘आयओसीपी’ ही यंत्रणा काम पुरे झाल्याचे कळवते, आणि लिबयूव्हीने वापरणाऱ्यासमोर ‘काम पुरे झाले’ हीच एक रीत ठेवून युनिक्सच्या बाजूला तयारीनंतरचे वाचन स्वतःकडे घेतले. लिनक्सची रीत गृहीत धरून आधी इंटरफेस ठरवायचा आणि विंडोजला मागाहून त्यात कोंबायचे, हा क्रमच मला चुकीचा वाटतो.

चाचण्या दर बदलाला लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिन्ही प्रणालींवर आपोआप चालल्या पाहिजेत, आणि त्यात एआरएम प्रोसेसरवरचे लिनक्सही घ्या. तिथे ‘चार’ हा अक्षराचा प्रकार सहसा चिन्हरहित असतो, म्हणजे त्यात ऋण संख्या मावत नाही; त्यामुळे एकेक अक्षर वाचणाऱ्या ‘फगेटसी’चे उत्तर ‘इंट’ऐवजी ‘चार’मध्ये ठेवून ‘ईओएफ’शी (फाईल संपल्याची ऋण खूण) ताडणारा लूप, जो तुमच्या इंटेल संगणकावर निमूट थांबतो, तो तिथे कधीच थांबत नाही.