ग्रिड पाळू की मोडू?

प्रश्न : मी कोल्हापुरात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रिड, म्हणजे मजकूर आणि चित्रं बसवायची आडव्या-उभ्या रेषांची चौकट, नसेल तर सर पान तपासत नाहीत. मला मात्र अक्षरं कापून, एकमेकांवर चढवून केलेली पोस्टर्स आवडतात. पोर्टफोलिओ आधुनिकतावादी, म्हणजे ग्रिडच्या शिस्तीतला, ठेवू की उत्तर-आधुनिक, म्हणजे ती शिस्त मोडणारा?

उत्तर : तुझी आवड चांगली आहे, ती सोडू नकोस. पण शैली आधी ठरवून मग काम शोधायला निघालीस तर अडशील. वाचणारा कोण, हे आधी ठरव.

हेल्व्हेटिका हा साध्या रोमन अक्षरांचा स्विस फॉण्ट 1957 चा. त्या काळच्या स्विस डिझायनरांचा आग्रह असा की मजकूर स्वच्छ पोचावा, डिझायनर मध्ये येऊ नये. हे बंधन झुगारणारा डिझायनर वोल्फगांग वाइनगार्ट छापखान्यातले खिळे जुळवायचं काम शिकून आलेला होता आणि 1968 पासून स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या त्याच डिझाइन शाळेत शिकवू लागला, जिथे एमिल रूडर टायपोग्राफीची, म्हणजे अक्षरमांडणीची, शिस्त लावत होते. अमेरिकन डिझायनर डेव्हिड कार्सनने 1994 मध्ये ‘रे गन’मधली एक कंटाळवाणी मुलाखत चक्क अक्षरांऐवजी नुसती चिन्हं असलेल्या, वाचताच न येणाऱ्या फॉण्टमध्ये लावली. संगीताच्या मासिकात ते खपलं. सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, गारगोटीची एसटी शोधणाऱ्या आजीपुढे असा फलक लावणं मला अन्यायच वाटतो.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्विस ग्रिड रोमन अक्षरांवर बेतलेलं आहे. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळींतलं अंतर रोमनइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. म्हणजे शिस्त पाळायची तरी देवनागरीची मापं तुलाच काढावी लागतील. ती काढता येणारी मुलं फार थोडी आहेत, आणि मराठी ॲप, पाठ्यपुस्तकं, पॅकेजिंग सगळ्यांना ती हवी आहेत.

पोर्टफोलिओत दोन कामं शेजारी ठेव. एक, सीबीएसचा वेळापत्रकाचा फलक, काटेकोर ग्रिडमध्ये. दुसरं, खासबाग मैदानातल्या कुस्तीचं पोस्टर. तिथे अक्षरं हवी तशी भिडव. त्यासाठी परदेशी पोस्टर्सची नक्कल करू नकोस. चित्रपटकार बाबूराव पेंटर स्वतः पोस्टर्स रंगवत, त्या गावची तू आहेस. तालमींच्या पाट्या, दुकानांवरची हाताने रंगवलेली अक्षरं यांचे फोटो काढ, त्यांची वळणं गिरव. प्रत्येक कामाखाली चार ओळींत लिही : कोणासाठी, कुठून किती अंतरावरून वाचायचं, म्हणून काय केलं.

सरांना फलक आधी दाखव. तो पास झाला की त्याच दिवशी पोस्टरची कच्ची रेखाटनंही त्यांच्यापुढे ठेव.