वडिलांचे विसरणे: स्मृतिभ्रंश की नैराश्य?
आईच्या निधनानंतर सहा महिन्यांत ७४ वर्षांचे वडील अबोल झाले, सारसबागेतले फिरणे सुटले, विसरणे वाढले. हा स्मृतिभ्रंशच का, असे आपण विचारले आहे. तसे लगेच ठरवू नये. उतारवयातील नैराश्यात माणूस ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, अशा तक्रारी करतो आणि लक्ष लागत नसल्यामुळे विसरतोही. ढोबळ फरक असा की नैराश्यात रुग्ण बहुधा स्वतःच विसरण्याची तक्रार करतो, तर स्मृतिभ्रंशात ते आधी घरच्यांच्या लक्षात येते आणि हळूहळू वाढत जाते. अर्थात दोन्ही एकत्रही असू शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉइडचे विकार यांमुळेही असेच दिसते, म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी. झोपेची गोळी परस्पर देऊ नये (शेजारी कितीही आग्रह करोत). तिने गोंधळ वाढतो आणि तोल जातो. मात्र एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर संसर्ग किंवा सोडियम कमी होणे संभवते, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. पुण्याच्या ससून रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. वडील घराबाहेर पडायला तयार नसतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आपणच आधी बोलावे.